इंग्लंडमध्ये घरचा बॉयलर बदलायला किती वेळ लागतो? दोन दिवसांची मजुरी १,४०० पाउंड म्हणजे लूट आहे का?

तुम्ही लिहिलंय की एक फिटर एका दिवसात करतो म्हणतोय आणि दुसऱ्याने दोन दिवस आणि नुसत्या मजुरीचे १,४०० पाउंड सांगितलेत. दुसरा लुटतोयच असं नाही. आधी बघा, जुना कॉम्बी (टाकी न लागता नळ सोडताच पाणी तापवणारा बॉयलर) काढून त्याच जागी नवा कॉम्बी लावताय की टाकीवाला जुना बॉयलर काढून कॉम्बी करताय, कारण ही दोन पूर्ण वेगळी कामं आहेत आणि कदाचित पहिल्याने तुमचं लॉफ्ट, म्हणजे टाक्या असतात तो छपराखालचा माळा, बघितलेलंच नाही.

मी रीडिंगला राहतो, १९३०च्या सुमाराचं सेमी-डिटॅच्ड (एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक) घर, मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे दुसऱ्या प्रकारचं काम झालं. लॉफ्टमध्ये पाण्याच्या दोन टाक्या, वरच्या कपाटात गरम पाण्याचा तांब्याचा सिलिंडर (गॅसचा नव्हे हो, आजीकडच्या बंबाचा लांबचा भाऊ म्हणा) आणि किचनमध्ये बॉयलर. दोन माणसं दोन दिवस. बॉयलर आणि फ्लू (धूर बाहेर सोडणारी नळी) १,१५०, फिल्टर, थर्मोस्टॅट, पाइप वगैरे ४००, मजुरी १,४००, एकूण २,९५०. म्हणजे माणशी दिवसाला ३५०, आणि त्यातच त्यांची व्हॅन, इन्शुरन्स, हत्यारं सगळं आलं.

गंमत म्हणजे बॉयलर भिंतीला टांगायला तासभरही लागला नाही. मी घरूनच काम करत होतो त्यामुळे बाकीचा वेळ कुठे गेला ते डोळ्यांनी बघितलं. सकाळी आधी सगळी सिस्टीम रिकामी केली, खोल्या गरम करणाऱ्या रेडिएटरमधून शाईसारखं काळंकुट्ट पाणी, फिटर म्हणाला आतून गंजलेल्या लोखंडाचा गाळ आहे, हा नव्या बॉयलरमध्ये गेला तर वॉरंटी विसरा. मग टाकी लॉफ्टच्या झडपेतून खाली येईना, शेवटी करवतीने कापून तुकडे उतरवले. दुपारभर गॅसची पाइप. मीटरपासून बॉयलरपर्यंत १५ मिमीची होती, पण कॉम्बी आंघोळीचं पाणी जागच्या जागी तापवतो त्यामुळे तो ३० किलोवॅटपर्यंत खेचतो, तेवढा गॅस पोचायला २२ मिमी लागली, म्हणजे हॉलच्या लाकडी फळ्या उचकटणं आलंच. दुसऱ्या दिवशी कंडेन्सेट पाइप, २००५च्या आधीचा बॉयलर असेल तर ही बहुतेक नसतेच, नव्यातून निघणारं पाणी ड्रेनला सोडावं लागतं आणि पाइप घराबाहेरून गेली तर जाड आणि गुंडाळलेली हवी, नाहीतर थंडीत गोठते आणि बॉयलर नेमका तेव्हाच बंद पडतो.

याउलट स्लाउच्या मित्राकडे कॉम्बीच्या जागी कॉम्बी, सकाळी ८ला माणूस आला, ४ला हात धुवून गेला, मजुरी ६००.

तेव्हा दोघांनाही विचारा की गॅसची पाइप, फ्लशिंग (आतला गाळ धुवून काढणं) आणि उचकटलेल्या फळ्या परत बसवणं रकमेत धरलंय का, स्वस्तवाला इथेच गप्प होतो. थर्मोस्टॅटचे जास्तीचे पैसे बघून चिडू नका, इंग्लंडमध्ये २०१८ पासून नव्या कॉम्बीबरोबर टायमर आणि थर्मोस्टॅट शिवाय बचतीची आणखी एक सोय लावावीच लागते. आणि व्हॅट विचाराच. एकटा काम करणारा लहान फिटर बऱ्याचदा व्हॅटला रजिस्टर नसतो, मोठ्या कंपनीच्या मजुरीवर मात्र २० टक्के चढतात. मला एका मोठ्या कंपनीच्या सेल्सवाल्याने याच कामाचे ४,६०० सांगितले होते, वर आजच सही केली तर डिस्काउंट, मी त्याला चहा पाजून पाठवून दिलं.

फिटरचं गॅस सेफचं (गॅसचं काम करणाऱ्यांच्या सरकारमान्य नोंदणीचं) कार्ड मात्र उलटून बघा, कुठली कामं करायची परवानगी आहे ते मागच्या बाजूला असतं. नंतर पोस्टाने सर्टिफिकेट येतं ते जपून ठेवा, घर विकताना सॉलिसिटर हमखास मागतो. आणि जमलं तर ऑक्टोबरच्या आत उरका, थंडी पडली की हे लोक फोनसुद्धा उचलत नाहीत.

टाकी काढायचं नक्की करण्याआधी एक काम फुकटात करा, किचनच्या नळाखाली बादली ठेवून मिनिटभर नळ पूर्ण सोडा. आमच्याकडे ११ लिटर भरलं, एका शॉवरला पुरतं. दोन बाथरूम एकदम चालवायची असतील तर कॉम्बीच्या नादी लागू नका, आमच्याकडे खाली कुणी गरम पाण्याने भांडी घासायला घेतली की वरून लगेच आरडाओरडा सुरू होतो.