आधी बाजार बघ, मग कायदा वाच

प्रिय होऊ घातलेल्या वकीलबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. "मोर्चे काढून काय होतं, शेवटी कायदाच लागतो ना?" असं विचारलंयस. प्रश्न रास्त आहे, फक्त त्यातला 'शेवटी' मला खटकला. कायदा झाला की काम संपलं असं समजणारे वकील मी बरेच पाहिलेत.

माथाडी कायदा घे, म्हणजे डोक्या-पाठीवर ओझी वाहणाऱ्यांचा कायदा. पूर्ण नाव लांबलचक आहे: महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९. तो वाचायच्या आधी तो येण्याआधीचा बाजार डोळ्यांपुढे आण. शंभर किलोचं पोतं पाठीवर, हातात पोतं ओढायचा लोखंडी आकडा, आणि रोजगाराचं ठिकाण म्हणजे मस्जिद बंदरची एखादी गल्ली. हमालाला विचारलं, तुझा मालक कोण? व्यापारी म्हणणार, हा हमालांच्या टोळीचा माणूस. ट्रकवाला म्हणणार, व्यापाऱ्याचा. मुकादम स्वतःचा वाटा कापून घेणार आणि गप्प बसणार. तेव्हा कामगारांचे कायदे नव्हते असं नाही. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ पासून होता. पण ते सगळे कायदे आधी मालकाचं नाव विचारायचे, आणि हमालाचं नाव एकाही हजेरीपटावर नसायचं.

मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी साताऱ्या-पुण्याकडून आलेल्या या माणसांना एकत्र केलं, पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं. मागणी करणारे स्वतः पोतं उचलणारे होते, म्हणून मागणी नेमकी आली. नुसती 'मजुरी वाढवा' एवढीच असती तर मुकादमाचा वाटाही वाढला असता. कायद्यानं पैशाची वाटच बदलली. ज्याचा माल हलतो त्यानं कायद्यानं नेमलेल्या मंडळाकडे नोंद करायची, मजुरी मंडळात भरायची आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम, द्यायची. हमालाला पगार मंडळाकडून मिळतो. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, दवापाणी. मंडळावर मालकांचे प्रतिनिधी जितके, तितकेच कामगारांचे. मालक कोण हा प्रश्न सोडवलाच नाही, त्याला वळसा घातला. इतकी हुशार तरतूद नुसती पुस्तकं वाचून सुचत नाही गं.

याच साच्यावर १९८१ मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांचा कायदा झाला. मग २००८ मध्ये घरेलू कामगारांचा आला, आणि तो मुद्दाम याच्या शेजारी ठेवून वाच. तिथेही मंडळ आहे, नोंदणी आहे. पण चार घरची भांडी घासणाऱ्या बाईच्या चारही मालकिणींकडून लेव्ही घ्यायची सोय नाही. पैसा सरकारनं दिला तर मंडळ हलतं, नाहीतर फलक तेवढा राहतो. त्या बायका विखुरलेल्या, एकेका बंद दारामागे. बाजार बंद पाडण्याची हमालांची ताकद त्यांच्याकडे कुठून येणार? हा फरक मला कलमाकलमांत दिसतो. तुला दिसतो का ते कळव.

आता थोडं कडूही सांगतो, नाहीतर मला भक्त समजशील. दबाव टाकणारे सगळेच सज्जन नसतात. माथाडीच्या नावाचं लेटरपॅड छापून कारखान्याच्या गेटवर खंडणी मागणाऱ्या टोळ्या आहेत. काम दुसऱ्यानं करायचं आणि पैसे यांनी घ्यायचे. मी ज्या संघटनेच्या कचेरीत वर्षानुवर्षं पावत्या फाडल्या, तिथेही एका पुढाऱ्याच्या पुतण्याचं नाव टोळीच्या यादीत होतं. त्यानं जन्मात पोतं उचललेलं नव्हतं. मी बोललो, पण उशिरा बोललो. ट्रकवाल्यांची तक्रारही नीट ऐक. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही त्यांची घोषणा. वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे, ड्रायव्हरच्या खिशातून का, असा त्यांचा सवाल, आणि तो खोटा नाही. तेही एक दबावगटच आहेत.

ओझ्याचं बघ. पुरुषानं एका वेळी ५५ किलोपेक्षा जास्त उचलू नये, ही आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची शिफारस १९६७ ची. शिफारस कागदावर होती तेव्हाही शंभर किलोची पोती पाठीवर होतीच. पन्नास किलोच्या पोत्यासाठी हमालांना पुढे कितीतरी वर्षं भांडावं लागलं. आणि माथाडी कायद्यातला 'असंरक्षित कामगार' म्हणजे नेमका कोण, या व्याख्येवर उच्च न्यायालयात कारखानदारांचे वकील किती भांडलेत ते निकालपत्रांत शोध. तिथे तुझ्यासारख्यांचं काम आहे. समोरच्या बाजूला फीही चांगली मिळते, ते तुला ठाऊक असेलच.

तर, इंटर्नशिपसाठी पत्र पाठवायची घाई करू नकोस. येत्या सोमवारी पहाटे साडेपाचला मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात ये. पायात बूट घाल, सांडलेल्या धान्यावरून चपला घसरतात. वही आण. पहिल्या दिवशी कुणाची मुलाखत घ्यायची नाही. एका ट्रकचा माल उतरताना बघायचा आणि एवढंच लिहायचं: किती पोती, किती माणसं, पैसे कुणी कुणाच्या हातात दिले, आणि पावती फाडली का. मग चहा पिऊ.

तुझा,
काका