लिहिणं नकोसं झालंय, त्याबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोथरूडला राहता, घरूनच अनुवाद करता, कंपन्यांसाठी मजकूर लिहिता, शिवाय यंदा तीन दिवाळी अंकांना कथा कबूल करून बसला आहात. आणि हल्ली कथेची फाइल उघडायची म्हटलं की पोटात गोळा येतो. ‘माझ्यातली लेखिका संपली का?’ असं तुम्ही विचारलंय. घरचे म्हणतात, चार दिवस महाबळेश्वरला जाऊन ये.

मी पुण्यात अनुवाद आणि सदरलेखनावर बरीच वर्षं घर चालवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लेखिका संपलेली नाही. संपली असती तर हा प्रश्न तुम्हाला इतका टोचला नसता. महाबळेश्वरला जरूर जा, पण परत आल्यावर तीच टेबलावरची कामं, त्याच तारखा आणि तेच थकलेले पैसे समोर असतील तर आठवड्याभरात पुन्हा इथेच याल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या केली. त्याला आजार म्हटलेलं नाही; कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ साचला आणि त्याचा बंदोबस्त झाला नाही, की होणारी अवस्था असं म्हटलंय. तिच्या तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत. ‘इतरांच्या कथा वाचल्या तरी चीड येते’ हे वाक्य तुम्हाला लाजिरवाणं वाटतंय, पण ती दुसरी खूण आहे. तुमचा स्वभाव बिघडलेला नाही.

या विषयावर क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर या दोन संशोधकांनी फार काम केलंय. माणूस कशाने असा होतो हे शोधताना ते कामाच्या सहा बाजू तपासतात: कामाचा बोजा, त्यावरचा आपला ताबा, मोबदला, सोबत, न्याय आणि मूल्यं. बोजा यातला फक्त एक आहे. आपण मात्र तेवढाच मोजतो, म्हणून औषध काय, तर सुट्टी.

तुमचं दुखणं मला ताबा आणि मोबदला यांत दिसतं. कंपनीचा मजकूर तुम्ही लिहिता, चार जण त्यात बदल सुचवतात, शेवटी छापून येतं ते तुमचं उरत नाही. अनुवादाचे पैसे पुस्तक आल्यावर, आणि पुस्तक कधी येणार ते कोणी सांगत नाही. दिवाळी अंकाचं मानधन कुठे वेळेवर येतं, कुठे अंकाची प्रत हेच मानधन. दिवसभर असं राबल्यावर रात्री अकराला कथेकडे वळलं तर मन नाही म्हणणारच. मोबदला म्हणजे नुसते पैसेही नव्हेत. कथा पाठवल्यावर ‘पोचली’ एवढा निरोपसुद्धा न येणं माणसाला आतून खातं. सोबतीचं म्हणाल तर, घरून लिहिणाऱ्याला सहकारीच नसतात. पंधरा दिवसांतून एकदा दोन-तीन लिहिणाऱ्या मैत्रिणींना भेटा आणि मजकुराखेरीज दर, उशीर, मनस्ताप यांवरही मोकळं बोला. दुसरीलाही तोच प्रकाशक टोलवतोय हे कळलं की निम्मा भार उतरतो.

आता तातडीचं. तीनपैकी दोन कथांना या आठवड्यात नकार कळवा. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं आणि नकार देणं म्हणजे पंगतीतून उठल्यासारखं वाटतं, हे मला समजतं. पण संपादकाच्या बाजूने बघा. ऑगस्टमध्ये कळलं तर त्याला दुसरी कथा मागवता येते; पानं लागायच्या दिवशी कळलं तर तो अडकतो. लांबलचक कारणं देऊ नका. ‘यंदा तब्येतीमुळे कथा पूर्ण होणार नाही. आत्ताच कळवते आहे, म्हणजे तुम्हाला दुसरी सोय करता येईल. पुढच्या वर्षी मार्चमध्ये विचारलंत तर आनंदाने लिहीन.’ एवढं पुरे. तब्येत हे खोटं कारण नाही.

पेठांमध्ये राहणाऱ्यांना मी आणखी एक सांगत असते, तुम्हालाही लागू पडेल: गणपतीच्या आधीचा महिना नव्या लेखनासाठी धरूच नका. नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळ गेली, नंतरचे दहा दिवस तर आपले नसतातच. मला तो उत्सव मनापासून आवडतो, म्हणून त्या दिवसांत फक्त मुद्रितं तपासते. आपल्या शहराच्या वेळापत्रकाशी भांडत लिहिण्यात फार शक्ती जाते.

स्वतःचं लेखन सकाळी, पैशांचं नंतर. उलट क्रम लावून कथा जगवलेली माणसं मी फार कमी पाहिली. सकाळचा वेळ अर्धा तास असला तरी चालेल, पण त्यात मेल बघायचा नाही. सध्या त्या वेळेत लिहूही नका. वाचा, आणि असं काही वाचा ज्यावर मत द्यायचं नाही, अनुवाद करायचा नाही. नगर वाचन मंदिरात जाऊन कपाटांसमोर उभं राहायचं आणि अनोळखी विषयाचं पुस्तक उचलायचं, हा माझा जुना उपाय. मी एकदा गांडुळांवरचं पुस्तक आणलं होतं. वाचनातली मजा परत आली की लिहिण्याची भूक तिच्या मागून येते.

शरीराकडे लक्ष द्या. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला हवी. लॅपटॉपखाली जाड शब्दकोश ठेवा आणि कीबोर्ड वेगळा घ्या. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघा. रोज तळजाई किंवा वेताळ टेकडीवर जा, फोन घरी ठेवून. चालता चालता फोनवर बोलून मजकूर उतरवण्याची सोय मराठीतही आहे, मनगट दुखत असेल तेव्हा ती घरी जरूर वापरा. पण टेकडीवर नको, तिथेही कामच शिरतं.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखायला हवी. नकोसेपणा फक्त लेखनापुरता असेल, म्हणजे भाचरं आली की हसू येतं, जेवण गोड लागतं, तर वर लिहिलं ते पुरेल. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ सगळंच बेचव वाटत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, जगणंच नको असे विचार येत असतील, तर थांबू नका, मनोविकारतज्ज्ञांकडे जा. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी सेवा विनामूल्य आहे, रात्री-अपरात्रीही फोन करता येतो. साध्या डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ याही तपासण्या करून घ्या. आपल्याकडच्या बायकांचा थकवा कितीदा तिथेच सापडतो.

तिन्हीपैकी कोणती कथा ठेवायची, हेही तुम्ही विचारलंय. ज्या अंकाचं नाव मोठं आहे ती नव्हे. आजोळच्या वाड्यावरची कथा ठेवा, कारण तिच्याबद्दल लिहिताना तुमच्या पत्राची वाक्यं लांब आणि सैल झाली आहेत. तिच्या संपादकांकडून मुदत वाढवून मागा. नाही मिळाली, तर तीही यंदा सोडा आणि दिवाळीनंतर सावकाश लिहा. छापायला जागा मिळेल.