पायरेट्सचा नवा हंगाम जोखताना

पॉल स्कीन्ससारखा पिचर (चेंडू टाकणारा) आहे म्हणजे पिट्सबर्ग पायरेट्स हा अमेरिकन बेसबॉल संघ तरणारच, असं धरून चालू नकोस. २०२५ मध्ये त्याचा ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे गेलेल्या धावा सोडून नऊ डावांमागे दिलेल्या धावा, फक्त १.९७. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कारही मिळाला. तरी त्याच्या नावावर १० विजय, १० पराभव, संघाचे ७१ विजय, ९१ पराभव! पोराने जीव तोडून टाकायचं आणि मागे धावाच नाहीत, फार जिवाला लागतं. १६२ सामन्यांत अवघ्या ५८३ धावा.

म्हणून खरा प्रश्न फलंदाजीचा आहे; हंगामाआधी फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनला होणाऱ्या सराव सामन्यांचे निकाल सोडून दे. काही डावांनंतर मुख्य खेळाडू बाकावर जातात. फलंदाजीला तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर कोण येतंय ते बघ. दोन स्ट्राइक झाल्यावर (तिसऱ्याला फलंदाज बाद) स्ट्राइकच्या पट्ट्याबाहेरचा चेंडू तो फलंदाज सोडतो का, यावर नजर ठेव.