शेजाऱ्याने बांध कोरून आमच्या शेतात कुंपण सरकवलंय, आधी काय करावं?

आधी सरकारी मोजणीचा अर्ज करा. मोजणीआधी कुंपणाला हात लावू नका, नाहीतर उलट तुमच्यावरच तक्रार होईल. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १३६ प्रमाणे हितसंबंधित व्यक्तीच्या अर्जावरून हद्दी ठरवून मिळतात. अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात जातो, ई-मोजणी या सरकारी संकेतस्थळावरूनही भरता येतो. सोबत अलीकडचा सातबारा आणि लगतच्या खातेदारांची नावं-पत्ते लागतात. पत्ते अगदी बरोबर द्या, कारण मोजणीची नोटीस त्यांना मिळाली नाही तर पुढे हरकत निघते. मोजणीनंतर नकाशाची ‘क’ प्रत, म्हणजे अर्जदाराला मिळणारी प्रत, मागून घ्या. मात्र भूकरमापक (मोजणी करणारा सरकारी कर्मचारी) फक्त हद्दीच्या खुणा दाखवतो, ताबा मिळवून देत नाही. नकाशा बघूनही शेजारी हटला नाही, तर दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो.