मुरघासाला खवट वास येत असेल, तर कल्चरची मात्रा वाढवून उपयोग होतो का?

आपण लिहिता की आपल्या गवताच्या मुरघासाला (खड्ड्यात हवाबंद दाबून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याला) खवट लोण्यासारखा वास येतो, खड्ड्याच्या तळातून काळपट पाणी झिरपते आणि गाई तो नुसता हुंगून सोडतात, एवढ्या वर्णनावरून दोष कल्चरचा (चारा आंबवण्यासाठी त्यात मिसळायच्या जिवाणूंचा) नसून गवत ओले भरले गेल्याचा आहे, असे माझे मत आहे.

गवतात मक्याच्या मानाने साखर कमी आणि प्रथिने अधिक असल्यामुळे त्याचा सामू (pH) सावकाश उतरतो, आणि त्यात पाणीही जास्त असेल तर लॅक्टिक ॲसिड तयार करणाऱ्या जिवाणूंऐवजी क्लॉस्ट्रिडियम गटातील जिवाणू जोर धरतात. तो वास त्यांनीच तयार केलेल्या ब्युटिरिक ॲसिडचा असतो. म्हणून कापलेले गवत शेतातच पातळ पसरून, उन्हाच्या मानाने काही तास ते एक दिवस सुकू द्यावे आणि त्यातील कोरडा अंश 30 टक्क्यांच्या आसपास आल्यावरच कुट्टी करावी. कुट्टीची एक मूठ अर्धा मिनिट घट्ट आवळून धरा: बोटांतून रस गळला तर गवत अजून ओले आहे, मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटू लागला आणि तळहात जेमतेम ओलसर राहिला तर भरायला हरकत नाही, आणि तो लगेच विस्कटला तर सुकवण जास्त झाली. अशी कोरडी कुट्टी नीट दाबली जात नाही.

दुसरे कारण खड्ड्यात नव्हे, गवताच्या शेतात सापडते. कापणीच्या तोंडावर युरिया दिल्यास गवतात नायट्रेट वाढते आणि साखर घटते; कापणी जमिनीलगत केली किंवा थोड्याच दिवसांपूर्वी शेणाची स्लरी सोडली असेल, तर माती आणि शेणाबरोबर याच क्लॉस्ट्रिडियम जिवाणूंचे बीजाणू आत जातात. 7 ते 10 सेंटीमीटर बुडखा राखून कापल्यास माती कमी येते आणि पुढचा फुटवाही लवकर होतो. कल्चर विकणारे हे सहसा सांगत नाहीत. कल्चर चांगल्या गवताला मदत करते, ओल्या व मातकट गवताला वाचवत नाही. साखर कमी असेल तर कल्चरपेक्षा मळीचा (मोलॅसिसचा) उपयोग अधिक.

आपला मुरघास गरम होत असल्याचे आपण लिहिलेले नाही. तसे होत असते तर हवा आत शिरते, असा अर्थ झाला असता, आणि मग थरांची दाबणी, कागदाची झाकणी व उघड्या तोंडावरून रोज किती जाडीचा थर निघतो, हे पाहावे लागले असते.

सध्याच्या खड्ड्यातील माल नुकत्याच व्यायलेल्या किंवा व्यायला आलेल्या गाईंना घालू नका, कारण ब्युटिरिक ॲसिडमुळे त्यांना किटोसिस (रक्तात किटोन वाढण्याचा आजार) होण्याचा धोका वाढतो. इतर जनावरांना तो दुसऱ्या चाऱ्यात थोडा थोडा मिसळून देता येईल. बुरशी धरलेला किंवा माती मिसळलेला भाग मात्र सरळ शेणखताच्या उकिरड्यावर टाकावा.