अथेन्समध्ये नागरिक कोण, ते घरातच ठरायचं

प्रश्न : प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्समध्ये लोकशाही होती ना, मग उच्च-नीच नव्हतं का? आणि परक्या शहरातल्या बाईपासून मूल झालं तर?

उच्च-नीच होतं, भरपूर होतं. मत फक्त नागरिक पुरुषांना, बायकांना नाही, गुलामांना नाही आणि मेटिक म्हणजे बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांनाही नाही. हे मेटिक पिढ्यान् पिढ्या तिथेच राहायचे, धंदा करायचे, अथेन्ससाठी लढायलाही जायचे, तरी त्यांना जमीन विकत घेता यायची नाही, वर पुरुषाला वर्षाला १२ द्राख्मा (तिथलं चांदीचं नाणं) कर भरावा लागायचा. नागरिकांतही सोलोन नावाच्या कायदे करणाऱ्या नेत्याने इ.स.पू. ५९४ च्या सुमारास उत्पन्नावरून चार वर्ग पाडले होते, वरच्या वर्गाचं नावच मुळी 'पाचशे मापंवाले', म्हणजे पाचशे मापं पीक काढणारे, आणि सगळ्यात खाली थेटीस, म्हणजे मोलमजुरी करणारे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर अथेन्सचा सगळ्यात मोठा नेता पेरिक्लीस याच्याच घरात सापडतं. इ.स.पू. ४५१ मध्ये त्यानेच कायदा आणला की आई आणि वडील दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. पुढे तो आस्पाशियासोबत राहायला लागला, ती मिलेटसची, म्हणजे परकी, त्यामुळे त्यांचा मुलगा नागरिक होऊच शकत नव्हता. मग इ.स.पू. ४३० ला शहरात साथ आली, तिच्यात पेरिक्लीसचे पहिल्या बायकोचे दोन्ही मुलगे गेले, आणि घराचं नाव चालवायला कोणी उरलं नाही म्हणून त्याला लोकांपुढे विनंती करावी लागली की या मुलाला तरी घ्या. लोकांनी ऐकलं, मुलगा नागरिक झाला, सेनापतीसुद्धा झाला, आणि इ.स.पू. ४०६ मध्ये आर्जिनुसीची समुद्रातली लढाई जिंकून आल्यावर बुडणाऱ्या खलाशांना वाचवलं नाही म्हणून त्याच लोकांनी त्याला मृत्युदंड दिला. मला हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं.

प्रश्न : मुलीला वडिलांची इस्टेट मिळायची का?

अथेन्समध्ये भाऊ असला तर नाही, तिला हुंडा मिळायचा. मुलगी साधारण चौदा-पंधराची आणि नवरा तिशीचा. हुंडा नवऱ्याच्या ताब्यात असायचा पण काडीमोड झाला तर तो परत द्यावा लागायचा, त्यामुळे बायकोला सोडताना नवरा दहादा विचार करत असणार. भाऊच नसेल तर मात्र पंचाईत, कारण अशा मुलीला एपिक्लेरोस म्हणायचे आणि वडिलांकडचा सगळ्यात जवळचा नातेवाईक, बऱ्याचदा सख्खा काका, तिच्याशी लग्नाचा हक्क सांगायचा म्हणजे इस्टेट घरातच राहील. ती मुलगी काय म्हणते हे कोणी विचारत नव्हतं, आणि मला यातलं सगळ्यात जास्त हेच खुपतं.

पण सगळीकडे असं नव्हतं हां. क्रीट बेटावर गोर्टिनमध्ये दगडी भिंतीवर कोरलेला कायदा आजही आहे, त्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा दिलाय. स्पार्टा या दुसऱ्या ग्रीक शहरात तर बायकांच्या नावावर इतकी जमीन होती की ॲरिस्टॉटलने त्याबद्दल तक्रारच केलीये, म्हणे देशाची जवळजवळ दोन पंचमांश जमीन बायकांकडे गेली.

प्रश्न : गुलाम घरातले मानले जायचे का?

त्यांच्या 'ओइकोस', म्हणजे घर, या शब्दात माणसं, जमीन, गुरं, गुलाम सगळंच यायचं. अथेन्समध्ये नवीन गुलाम घरी आणला की त्याला चुलीपाशी बसवून डोक्यावर सुका मेवा, अंजिरं उधळायचे. नवी नवरी घरात आली की तिच्यावरही हेच.