इंग्रजीत एकाच स्पेलिंगचे दोन उच्चार असतील, तर वाक्यावरून योग्य उच्चार कसा ओळखावा?

मुलाखतीत इंग्रजी उतारा मोठ्याने वाचून दाखवायचा आहे आणि दोन तऱ्हांनी उच्चारले जाणारे शब्द समोर आले की जीभ अडखळते, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. अशाच एका शब्दाने २००१ साली चारचौघांत माझी फजिती केली होती, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून तेव्हा ठाण्याजवळच्या एका रंगांच्या कारखान्यात पत्रव्यवहार सांभाळत होतो. परदेशातील एका ग्राहकाने पाठवलेल्या पत्रात, आमच्या रंगाच्या नमुन्यात शिशाचे प्रमाण किती आहे, अशी विचारणा होती आणि ते पत्र बैठकीत वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. शिशासाठी छापलेली एल, ई, ए, डी ही चार अक्षरे मी खणखणीत आवाजात ‘लेड’ऐवजी ‘लीड’ अशी वाचली, आणि तीही एकदा नव्हे तर तीनदा. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले साहेब म्हणाले, ‘‘अहो, लीड घ्यायला ही काय रणजीची मॅच आहे?’’ सगळे हसले. मीही हसलो, कारण दुसरे काही करण्यासारखे नव्हते. मला तो शब्द तोवर दोनच ठिकाणी भेटला होता: पहिल्या डावातील लीड आणि वायरमनच्या हातातील लीड. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले होते आणि पंपावरची ‘अनलेडेड’ ही पाटी मी जाता-येता पाहत होतो. पण ती मनातल्या मनात ‘अनलीडेड’ अशीच वाचत होतो, आणि मनातले वाचन कोणी दुरुस्त करत नाही.

हसण्याचे मला फारसे वाटले नाही. चहाच्या वेळी साहेब कोणाला तरी ‘‘मराठी माध्यम, दुसरे काय!’’ असे म्हणाले, ते मात्र लागले. त्याच बैठकीत त्यांनी स्वतःच्या अहवालातील ‘अत्यल्प प्रमाण’ या अर्थाच्या शब्दांचा उच्चार ‘मिनिट क्वांटिटी’ असा केला होता. घड्याळातले ते मिनिट आणि अत्यल्प असेल तर ‘माइन्यूट’, हे मला त्याच रात्री शब्दकोश चाळताना कळले. दुसऱ्या दिवशी ते त्यांना सांगावे असे फार वाटले, पण नोकरी नवी होती.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. स्पेलिंगकडे टक लावून उच्चार सापडणार नाही, कारण तो तिथे नसतोच. धातूचे ‘लेड’ आणि पुढे नेण्याचे ‘लीड’ हे जुन्या इंग्रजीतील दोन निरनिराळे शब्द असून त्यांचे स्पेलिंग पुढे एकसारखे झाले. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला, त्या काळात इंग्रजीतील दीर्घ स्वर बदलत होते आणि पुढेही दोनेकशे वर्षे बदलत राहिले. स्पेलिंग मात्र छापील पुस्तकांमुळे हळूहळू स्थिर झाले. त्या घोळाचे खापर ठाण्याच्या कारकुनावर फोडण्यात अर्थ नाही.

शब्द वाक्यात कोणते काम करतो, हे आधी पाहावे. ‘रेकॉर्ड’, ‘प्रेझेंट’, ‘ऑब्जेक्ट’ हे शब्द नाम असतील तर आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर येतो आणि क्रियापद असतील तर दुसऱ्यावर; म्हणून बक्षीस ते ‘प्रेझेंट’ आणि सादर करणे ते ‘प्रिझेंट’. वाचण्याच्या क्रियापदाचे ‘रीड’ की ‘रेड’ हे काळावरून ठरते. कर्ता ‘ही’ किंवा ‘शी’ असून क्रियापदाला एस लागलेला नसेल आणि आधी ‘कॅन’, ‘डिड’ यांसारखे साहाय्यक क्रियापदही नसेल, तर तो भूतकाळ समजून बेलाशक ‘रेड’ म्हणावे. बाकी ठिकाणी शेजारचे शब्द सांगतात: डोळ्यांतून येते ते ‘टिअर’ आणि कागद फाडला तर ‘टेअर’, वारा असेल तर ‘विंड’, घड्याळाला चावी देणे असेल तर ‘वाइंड’. त्या चावी देण्याचा भूतकाळ ‘वाउंड’ आणि जखम ‘वूंड’ यांचे स्पेलिंगही एकच आहे, हे लक्षात ठेवावे. यासाठी डोळे तोंडाच्या तीन-चार शब्द पुढे असले पाहिजेत, आणि तेवढे सावकाश वाचण्याची लाज वाटता कामा नये.

हे कौशल्य मराठी माध्यमाच्या मुलाला नवे नाही, हे त्या साहेबांना मला सांगायचे होते. ‘जरा थांब’ मधला ‘जरा’ आणि ‘जरामरण’ मधला ‘जरा’ लिहिताना एकच असतात, पण दोन्हींतला ‘ज’ आपण वेगळा उच्चारतो, आणि त्यासाठी कोणी नियम पाठ केलेला नसतो. ‘जग’ हा शब्द पृथ्वीबद्दल आहे की पाण्याच्या भांड्याबद्दल, हे पाहूनच आपण तोंड उघडतो. ज्याला हे जमते त्याला इंग्रजीतले जमत नसेल, तर त्याने तो शब्द पूर्वी कानांनी ऐकलेला नाही, एवढेच त्याचे कारण असते. बुद्धीचा किंवा माध्यमाचा त्यात काही संबंध नाही.

एक सांगायचे राहिले. ज्यांचा उच्चार एकच आणि अर्थ दोन, असे ‘बँक’सारखे शब्द वाचताना काहीच अडत नाही, त्यांची चिंता सोडावी. विशेषनामांना मात्र वरचे काहीच लागू होत नाही: इंग्लंडमधल्या ज्या गावाचे स्पेलिंग वाचनाच्या ‘रीडिंग’सारखे आहे, त्याचे नाव ‘रेडिंग’ आहे. आणि ऐकणारा कोण, हेही पाहावे लागते. मागच्या महिन्यात नातवाच्या यांत्रिक पेन्सिलीसाठी मी दुकानात ‘लेड’ मागितले. त्या कांडीत शिसे नसून ग्राफाइट असते. ग्राफाइटला पूर्वी युरोपात शिशाचाच प्रकार समजत, म्हणून तिथे हे नाव पडले आणि आपणही ‘शिसपेन्सिल’ म्हणू लागलो. दुकानदाराने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि विचारले, ‘‘आजोबा, लीड पाहिजे का?’’ मी ‘‘हो, लीडच’’ म्हणालो आणि ०.७ ची डबी घेऊन आलो.